हिरव्या दारापर्यंत न गेलेली ऑस्ता

माझी सासू ऑस्ता हिच्यावर मी एकदाच खरी चिडले. तशी मी रोजच चिडते. पाण्यात भिजलेल्या लोकरी मोज्यांवर, आमच्या रस्त्यावरचा बर्फ सगळ्यात शेवटी उपसणाऱ्या नगरपालिकेवर, आणि माझा नवरा शेतिल याच्यावर तर सवयीने. पण त्या ईस्टरच्या शनिवारी जी चिडले ती वेगळी होती. आणि खरं सांगायचं तर त्याच दिवसापासून मला या बाईपुढे उभं राहताना आत कुठेतरी दबकायला होतं.

ऑस्ताने आयुष्यभर हनेफॉस गावाच्या आसपास शाळेची बस चालवली. वळणावळणाचे रस्ते, सहा महिने बर्फ, आणि मागे बोंबाबोंब करणारी पोरं. बस हलवण्याआधी आरशात बघून डोकी मोजायची. निवृत्त झाली, बस गेली, मोजणं राहिलं. आमच्याकडे जेवायला बसली तरी तिची नजर टेबलावरून एक चक्कर मारून येते. आम्ही चारच जण असतो, तरी मोजते!

ईस्टरच्या सुट्टीची आखणी तिच्याकडे. जानेवारीतला एखादा रविवार धरून ती पिशवीत वॉफलचं पीठ घेऊनच यायची. आमच्या स्वयंपाकघरात सभा भरायची.

"सुरक्षा माझ्याकडे," ती दरवर्षी म्हणायची, "मजा पोरांकडे. यंदा मजेचं खातं कुणाला?"

"मला!" सात वर्षांची इल्वा खुर्चीवर उभी राहिली. "सिंद्रेने गेल्या वर्षी संत्री फुकट घालवली."

"फुकट कशाने? गोठली होती," सिंद्रे म्हणाला. हा आमचा थोरला, बाराचा. "हातोडीने फोडून खाल्ली ना तूच?"

"बस खाली," ऑस्ता म्हणाली. "संत्री इल्वाकडे, सॉसेज आणि चॉकलेट सिंद्रेकडे. मजा कमी पडली तर मी तक्रार करणार." ती माझ्याकडे वळली. "तूरिद, तुझं ते खुनाचं पुस्तक एकच आण हां. गेल्या वेळी चार आणलीस आणि फावडं विसरलीस."

"फावडं शेतिल विसरला."

"बायकोने सांगितलं नाही म्हणून विसरला," शेतिल वॉफल खात म्हणाला. असा हा माणूस.

मग ती नियम सांगायची. नियम एकच. डोंगरात आपल्यातला कुणीही 'मागे' म्हणाला, की सगळ्यांनी मागे फिरायचं. का म्हणून विचारायचं नाही, मतं घ्यायची नाहीत, तोंड वाकडं करायचं नाही. भांडायचं असेल तर संध्याकाळी, जेवण झाल्यावर. एका वर्षी चार वर्षांची इल्वा वाटेत 'मागे' म्हणाली होती. का, तर हातमोज्याचा अंगठा ओला झाला होता! घर अगदी हाकेच्या अंतरावर होतं, आणि ऑस्ताने चकार शब्द न काढता स्की वळवल्या. मी त्या संध्याकाळी जेवण होताच तोंड सोडलं, तर म्हणाली, "पोरीला कळायला हवं ना की तिचं 'मागे' चालतं. उद्या खरं कारण असेल तेव्हा ती लाजेल, मग काय करशील?"

ते घर म्हणजे पठारावरचं आमचं दोन खोल्यांचं लाकडी घर. माझे सासरे हलवार्द यांनी फळ्या पाठीवर वाहून बांधलेलं, हिरव्या दाराचं. तिथे रस्ता जात नाही. आगगाडीने डोंगरातल्या स्टेशनावर उतरायचं, लॉजवर मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी स्कीवर निघायचं. हलवार्द गेल्याला बरीच वर्षं झाली. ऑस्ता मात्र दर ईस्टरला तिथे जाऊन पायरीवर बसल्याशिवाय राहिली नाही.

त्या वर्षीच्या सभेत वॉफल संपल्यावर तिने हात पुसले आणि म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलंय, उन्हाळ्यापर्यंत डोळे जातील. कडेचं थोडं राहील, समोरचं जाणार. आत्ताच मधोमध धुरकट झालंय. शेतिल, तुझ्या नाकाच्या जागी मला ढग दिसतो."

इल्वा बापाच्या नाकाकडे बघायला लागली.

"रडारड नको," ती म्हणाली. "मला एकच पाहिजे. ते घर एकदा नीट बघायचंय, तुम्ही सगळे तिथे असताना. दारात उभे केलेले. उजेडात. मग जाऊ देत डोळे कुठे जायचेत ते."

त्या वर्षीची आखणी मी केली. ती फक्त बघत होती, तीही तिरकी मान करून, कारण कडेनेच दिसायचं. लोकरीचे दुहेरी कपडे, वारा आला तर पाचही जणांना आत घेईल अशी मोठी पिशवी, दोन फावडी, स्कीला लावायचं मेण तीन प्रकारचं. शेतिल म्हणाला, "आपण उत्तर ध्रुवावर चाललोय का?" मी म्हटलं, "तुझी आई चाललीय, गप्प बस." मी काही म्हणजे काही चुकू द्यायचं नाही असं ठरवलं होतं.

आणि मग गुड फ्रायडेला पश्चिमेचं वादळ आलं. दिवसभर लॉजच्या खिडक्यांवर कुणीतरी वाळू फेकतंय असा आवाज. आम्ही पत्ते खेळलो. ऑस्ताला पत्ते दिसत नव्हते, तरी ती जिंकली, कारण इल्वा तिच्या कानात सांगत होती आणि आमचेही पत्ते सांगत होती.

शनिवारी सकाळी दार उघडलं तर, बाई गं! आकाश निळंशार, वारा औषधालाही नाही, आणि सगळं पठार इतकं लखलखत होतं की चष्म्याशिवाय बघवेना. सोमवारी सगळ्यांना घरी पोचायचं होतं, म्हणजे आज निघून रात्र तिथे काढायची आणि उद्या परतायचं, एवढाच वेळ उरला होता. लॉजच्या फळ्यावर हिमकडे कोसळण्याचा इशारा मधल्या पायरीचा लिहिला होता. मधली पायरी म्हणजे जपून जा, बघून जा. जाऊ नका असं काही कुणी म्हणत नव्हतं. लॉजमधली निम्मी माणसं आमच्याआधीच निघाली होती.

ऑस्ता काय चालली सांगू! शहात्तर वर्षांची बाई, समोरचं दिसत नाही, पण स्की अशा सरकत होत्या की सिंद्रेची दमछाक झाली. मध्येच गाणं म्हणत होती. मी मागून बघत होते आणि मला वाटत होतं, झालं, जमलं, मी हिला तिथे पोचवली.

घराच्या अलीकडे एक मोठा उतार आहे. वाट त्याच्या पायथ्याने जाते. तो पार केला, डोंगराच्या खांद्याला वळसा घातला, की घर. उताराच्या तोंडाशी ऑस्ता थांबली.

"सिंद्रे, वर कड्याच्या काठावर काय दिसतंय?"

"बर्फाची झालर आलीय पुढे. मोठी. आजी, परवा लॉजवर येताना दुर्बिणीतून बघितलं तेव्हा नव्हती."

तिने काठी उलटी केली आणि बर्फात खुपसली. वरचा थर कडक, मग काठी भसकन् आत. पुन्हा खुपसली. पुन्हा तेच. कालच्या पश्चिमेच्या वाऱ्याने पलीकडचा सगळा बर्फ उचलून या उतारावर आणून टाकला होता, आणि असा बर्फ सुटला की थेट खालच्या वाटेवर येतो.

"मागे," ऑस्ता म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तेवढ्यात मागून बर्गेनचं एक कुटुंब आलं. नारिंगी जाकिटातला बाप, त्याच्या कमरेला बांधलेली बाळाची घसरगाडी, मागे बायको.

"काय हो, दमलात?" बाप म्हणाला. "या की! सकाळपासून पंधरावीस जण गेलेत इथून."

"तुम्ही व्हा पुढे," ऑस्ता म्हणाली. "अंतर ठेवून जा पण. एकेकटे."

ते गेले. आम्ही बघत राहिलो. तो नारिंगी ठिपका उताराखालून सरकत सरकत पलीकडे गेला आणि खांद्यामागे नाहीसा झाला. काहीही झालं नाही.

"आई," शेतिल हळूच म्हणाला, "आपण दोघंच जाऊया का? पोरं तूरिदबरोबर मागे—"

"जेवण झाल्यावर, शेतिल."

तिने काळा चष्मा काढला. खांद्याच्या दिशेला तोंड करून उभी राहिली. मान आधी डावीकडे तिरकी केली, मग उजवीकडे, म्हणजे कडेने तरी काही मिळतंय का. काय मिळणार होतं? पांढऱ्यावर पांढरं. ती रडत होती. लपवलंही नाही तिने. मग चष्मा लावला, डोकी मोजली, आणि वळली.

वाटेत मी एक अक्षर बोलले नाही. नियम होता म्हणून, नाहीतर पठारभर ऐकू गेलं असतं.

लॉजच्या खाली सपाटीवर तिने फावडं मागून घेतलं आणि बर्फात उन्हाकडे तोंड करून बसायचा खड्डा खणायला लागली. पाठीला भिंत, बसायला बाक, पायाशी विस्तव. "मजेचं खातं कुठे झोपलंय?" ती ओरडली. मग काय, इल्वाने संत्री काढली, सिंद्रेने सॉसेज भाजले, दोघांनी उडी मारायला बर्फाचा उंचवटा केला. ऑस्ता इल्वाला पुढ्यात घेऊन लॉजच्या घसरगाडीवर बसून त्या उंचवट्यावरून उडाली आणि अशी किंचाळली की लॉजमधून लोक बाहेर आले. मी खुनाचं पुस्तक तोंडासमोर धरून एकच पान वाचत होते.

दुपार कलली तशी माणसं परतायला लागली. एकेक करून सगळी. शेवटी नारिंगी जाकीट. बाळ झोपलं होतं, आईबाप उन्हाने लालबुंद.

"यायला हवं होतंत हो!" बाप आमच्या खड्ड्याशी थांबून म्हणाला. "एक छोटंसं घर लागलं पलीकडे, हिरव्या दाराचं. त्याच्या पायरीवर बसून कॉफी प्यायलो. कुणाचं आहे कोण जाणे, पण काय जागा निवडलीय बेट्याने!"

शेतिलने मान खाली घातली.

"पायरी कोरडी होती का?" ऑस्ताने विचारलं.

"खडखडीत."

"आणि दाराचा रंग? उडालाय ना?"

"छे! चांगला हिरवागार आहे."

"बरं झालं," ती म्हणाली आणि त्याला संत्रं दिलं. आणि ती खुशीत होती हो, खरंच खुशीत! हलवार्द यांनी निवडलेल्या जागेचं कुणीतरी कौतुक केलं म्हणूनच. मला ते बघवेना.

जुलै संपेपर्यंत तिचे डोळे गेले. पुढच्या ईस्टरला आम्ही तिला तिथे नेली, ती सिंद्रेच्या काठीला धरून आली आणि दारावर बराच वेळ हात फिरवत राहिली. पण बघायचं म्हणाल तर ते घर तिने पुन्हा बघितलं नाही. हे त्या शनिवारी आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तिलाही.

त्याच शनिवारी संध्याकाळी लॉजच्या जेवणघरात सूप झालं, भाजलेला मासा झाला. पोरं अजून उजेड आहे म्हणून बाहेर पळाली. शेतिल कॉफी आणायला उठला. मी ताट बाजूला सारलं.

"जेवण झालंय."

"झालं," ऑस्ता म्हणाली. "बोल."

"काही कोसळलं नाही! सगळे गेले, सगळे आले. बाळ गेलं आणि आलं, ऑस्ता! त्या बाळाला बघायला मिळालं तुझं घर, आणि तुला नाही."

"हो."

"चुकलीस तू."

"असेल."

"असेल काय असेल? मी तीन महिने जीव टाकला या एका दिवसासाठी. शेतिलबरोबर तरी जायचंस. एकटी तरी जायचंस!"

"एकटी गेले असते गं. मनात आलं होतं. पण मी गाडली गेले असते तर मला उकरायला तुम्हीच आला असतात ना, त्याच उताराखाली." तिने रुमालाने तोंड पुसलं. "मला तिथे उभी असतानाच वाटत होतं, बहुतेक काही होणार नाही. असला उतार दहा वेळा ओलांडला तर नऊ वेळा गप्प बसतो."

"मग?" माझा आवाज इतका चढला की पलीकडचं नारिंगी जाकीट वळून बघायला लागलं. "मग कशाला फिरलीस?"

"दहाव्या वेळचं नाव तू सांग."

"कसलं नाव?"

तिने मान तिरकी केली आणि डोळ्यांच्या कडेने माझ्याकडे बघितलं. रागावून नाही. बसमधल्या एखाद्या आडमुठ्या पोराला बघावं तसं.

"तुम्ही चौघं आहात. त्यातलं एक. ज्याला उताराखाली ठेवून मी ते घर बघावं असं तुला वाटतं, त्याचं नाव सांग. अजून उजेड आहे, आत्ता निघू."

ती थांबली. बोलायचं म्हणून बोलली नव्हती, उत्तराची वाट बघत होती. खिडकीबाहेर सिंद्रे इल्वाच्या मानेत बर्फ कोंबत होता आणि ती त्याला लाथा मारत होती. शेतिल तीन कप एकदम आणायच्या नादात कॉफी सांडत आमच्याकडे येत होता. मी एकाकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं, तिसऱ्याकडे बघितलं. मग उठून शेतिलच्या हातातले दोन कप घेतले आणि एक ऑस्तापुढे ठेवला.