लंगडत दादाकडे

त्या वर्षी माझा देवावरचा विश्वास उडाला होता, आणि तो माझ्याच रगेलपणामुळे उडाला हे कबूल करायची माझी तयारी नव्हती. सत्तरच्या दशकातली गोष्ट. फौजेतून सुट्टीवर आलो होतो. वय छत्तीस, तरी जत्रेच्या फडात उतरायचा हट्ट धरला. थोरला दादा आडवा आला. "आता बास कर की रं," म्हणाला. चारचौघांत मी त्याला ढकललं, "बांगड्या भर जा," असं बोललो आणि लंगोट चढवला. कुस्ती लागली न लागली तोच माझा खुबा निखळला.

सांगलीच्या दवाखान्यात अडीच महिने पडून होतो. फौज सुटली. चाल कायमची लंगडी राहणार, असं डॉक्टर म्हणाले. दादाला इकडं फिरकू देऊ नको, असं मी बायकोला बजावलं होतं. आता कुठल्या तोंडानं त्याच्यापुढे उभा राहणार होतो?

तिथल्याच विश्रामबाग भागातले एक निवृत्त ख्रिस्ती मास्तर रोज संध्याकाळी आम्हा रुग्णांपाशी येऊन बसत. दादाचं सगळं मी त्यांना सांगून टाकलं होतं. त्यांनी एकदा यहुदी लोकांची जुनी धर्मकथा सांगितली. भावाला फसवून पळालेला एकजण बऱ्याच वर्षांनी घरी निघाला. वाटेत देवानंच त्याला कुस्तीला धरलं आणि नुसता हात लावून त्याचा खुबा निखळवला. मी ताडकन उठून बसलो.

"मग कुणाच्या पाठीला माती लागली?"

मास्तर हसले. "कुणाच्याच नाही. त्यानं पकड सोडली नाही, आशीर्वाद मागून घेतला आणि लंगडतच भावाकडे गेला. तोच त्या लोकांचा मूळपुरुष."

माझ्या लेखी खुबा निखळला की गडी संपला. या लोकांनी तर लंगड्यालाच डोक्यावर घेतलं होतं. पुढं भाऊ कसा वागला, असं विचारलं तर मास्तर म्हणाले, "ते तुम्ही जाऊन बघा."

दवाखान्यातून सुटलो आणि दादाची माफी मागायचीच, असं ठरवून आमच्या बाजाराच्या गावी, वडूजच्या स्टँडवर काठी टेकत उतरलो. येणार असल्याचं कुणालाही कळवलं नव्हतं. पण दादा बाजाराला आला होता. मला बघताच तो पळत सुटला, पटका पडला तरी थांबला नाही. मी पाया पडायला गेलो, तर खुबा वाकू देईना. तोल जाताना त्यानं मला कवेत धरलं. "पडशील की, येड्या!" भर बाजारात आम्ही दोघं रडलो. मला लाज वाटली नाही.

पुढं तपासणीला गेलो तेव्हा मास्तरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "कथेतला भाऊही असाच पळत आला होता."

आता देवापुढे उभा राहिलो की मी ताकद मागत नाही. माझी पकड कधीतरी सुटेल. त्यानं मला धरून ठेवावं, एवढंच.