काजेवालीची किळस

शर्टांच्या कारखान्यात बटणांची काजे करायच्या मशीनवर ती सतरा वर्षं बसत होती, म्हणून सगळे तिला काजेवालीच म्हणायचे. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि प्यायचा. त्याची ओकारी पुसणं हा तिच्या संसाराचा मोठा भाग होता. चादरीवरची, चपलांतली, एकदा तर तिच्या नुकत्याच धुतलेल्या केसांतली.

मग तो दवाखान्यातल्या एका चाचणीत सामील झाला. वजन उतरवायचं इंजेक्शन दारूही सोडवतं का, हे डॉक्टरांना बघायचं होतं. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसतं पाणी. कुणाला काय, ते कुणालाच सांगायचं नाही. दर आठवड्याला पोटात एक सुई. किती प्यायला, किती जेवला, किती वेळा उलटी झाली, हे घरच्या माणसानं वहीत लिहायचं.

पहिला महिना उलट्यांतच गेला.

"आधी दारूनं ओकत होतात, आता दारू सुटायच्या औषधानं ओकताय," बादली सरकवत ती म्हणाली. "मला काय, फडकं तेच."

तिसऱ्या महिन्यात बाटली अर्धी उरायला लागली, पुढे बाटलीला तो हातही लावेना. कारखान्यातल्या बायका म्हणाल्या, नशीब काढलंस बाई. तिला मात्र काही केल्या आनंद होईना. शुद्धीतला नवरा तिनं इतकी वर्षं नीट पाहिलाच नव्हता. ताटातली भाजी बोटानं ढकलत तो जुन्या मित्रांना नावं ठेवायचा. "मनाचा निश्चय लागतो," म्हणायचा आणि दातांत काडी घालून बसायचा. ती ताट अर्धवट टाकून उठायची.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं.

"आता इच्छाच होत नाही," तो ऐटीत म्हणाला. "आधी माझ्या हातात नव्हतंच काही. आजारच तो."

"माझे ऑपरेशनचे टाके ओले असताना लाथ घातलीत, तोही आजारच का?" तिनं विचारलं.

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं.

"मला नाही आठवत," तो म्हणाला.

त्याला खरंच आठवत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं. एवढी सगळी घाण तिनं एकटीनं ध्यानात ठेवली होती, आणि हा धुऊनपुसून मोकळा. तिला शिसारी आली.

"फॉर्ममध्ये याला जागा नाही," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "पण मी लिहून घेते."

सुया थांबल्या. त्याला औषध मिळालं की पाणी, ते सगळ्यांची चाचणी संपल्यावरच कळणार होतं. तो पीत नव्हता. तरी त्यानं खांद्यावर हात ठेवला की ती उठून साबणानं खांदा धुवायची. स्वतःचीही तिला लाज वाटायची. शेवटी तिनं हे नणंदेला सांगितलं. नणंद एकटी राहायची, शाळेत कारकून होती.

"वहिनी, दादा सुधारला म्हणून त्याच्याजवळ राहायलाच हवं असं काही नाही," नणंद म्हणाली. "माझ्याकडे ये."

दोन पिशव्या भरून ती निघाली, तेव्हा तो दारात उभा होता.

"आता तर मी पीतसुद्धा नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि त्याच्या अंगाला अंग लागू न देता बाहेर पडली.

नणंदेकडे पहिला आठवडा ती कामावरून आली की नुसती झोपायची. दादा अजून दारूला शिवलेला नाही, असं नणंद मधूनमधून सांगते. ती ऐकून घेते आणि दुसरं काहीतरी बोलायला लागते.