हरभरा कोणी खुडला

आमच्या भागातल्या हिवाळी पक्षी गणनेची एक छापील यादी माझ्याकडे आहे. तिच्यात पट्टकादंब या पक्ष्यासमोर निरीक्षक म्हणून माझं नाव आहे. तो पक्षी मी पाहिलाच नव्हता. पाहिला होता माझ्या मायनं. ही यादी हातात घेतली की अजून राग येतो, आणि त्यातला बराचसा माझा माझ्यावरच असतो.

माय रोजीनं कापूस वेचायला जाते आणि तो संपला की हरभऱ्याच्या निंदणाला. बोरगावच्या पलीकडे एक लहान तलाव आहे. दिवाळीनंतर त्याचं पाणी मागे सरतं आणि उघड्या पडलेल्या गाळात शेतकरी हरभरा पेरतात. रोपं वीतभर झाली की मजूर बाया कोवळे शेंडे खुडून भाजीला नेतात. त्याला आमच्याकडे कोणी चोरी म्हणत नाही. शेंडा खुडला की झाडाला फांद्या फुटतात, हे मालकालाही ठाऊक असतं. फक्त बुडाला हात लावायचा नाही, एवढी रीत.

त्या वर्षी पाण्याच्या बाजूच्या दहा-बारा ओळी बुडापर्यंत साफ झाल्या. मालकानं सगळ्या बायांसमोर मायला विचारलं, पदराच्या ओट्यात किती भरून नेतेस, घरी बकऱ्या पाळल्या काय? बाया हसल्या. मायनं विळा उचलला आणि अर्धी रोजी सोडून घरी आली. तीस वर्षं ती लोकांच्या शेतात राबली, पण चोर तिला कोणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे कुठंतरी जाऊ लागली. तिसऱ्या दिवशी परतली तेव्हा मी माझ्या वर्गाच्या चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. पळसाच्या पानात बांधून आणलेल्या हिरव्या लेंड्या तिनं त्या गठ्ठ्याशेजारी ठेवल्या.

"हे पाह्य. निरा हरभराच हाये."

ती तीन पहाटे तलावाच्या पाळीवर गोधडी पांघरून बसली होती. बदकाहून मोठे, राखी अंगाचे पक्षी पाण्यातून चालत वर येतात आणि या लेंड्या त्यांच्याच, असं तिनं सांगितलं. डोक्याला मागून दोन काळ्या पट्ट्या, पाय संत्र्याच्या सालीसारखे. बाकीचे खातात तेव्हा एक मान उंच करून राखण करतो. मी पक्ष्यांचं पुस्तक काढलं. ते मला शाळेतल्या गुरुजींनी दिलं होतं. त्यांनीच माझा कॉलेजचा अर्ज भरला, म्हणून आमच्या घरात पहिली पदवी आली. माय एकेक पान उलटत गेली आणि तिनं पट्टकादंबाच्या चित्रावर बोट ठेवलं. हिमालय ओलांडून येणारा पक्षी, आणि आमचा हरभरा खाऊन राहिला होता.

पक्षी गणनेचा फॉर्म मी त्याच दिवशी भरला. निरीक्षक म्हणून मायचं नाव, शिक्षणाच्या रकान्यात 'शाळेत गेली नाही'. माझ्या मनात वेगळाच हिशेब होता. यादी छापून येईल, ती मालकाला दाखवीन, मायवरचा डाग जाईल.

चार दिवसांनी गणनेचं काम बघणाऱ्या शहरातल्या गृहस्थांचा फोन आला. फार गोड बोलले. नोंद महत्त्वाची आहे, पण मजूर बाईच्या नावावर कशी घ्यायची? "सर, तुम्ही तर ग्रॅज्युएट आहात. तुमचं नाव टाका, आजच पास करतो."

मी हो म्हणालो. शिकलेल्या माणसानं सांगितलं की मान हलवायची, ही सवय मला लहानपणापासून आहे. ज्यांच्या जोरावर वर आलो त्यांच्याबद्दलची ती कृतज्ञता आहे, असं मी समजत होतो.

संक्रांतीच्या आसपास यादी आली. मालकाच्या अंगणात पाच-सहा जण चहा घेत बसले होते, तिथं मी ती त्याच्या हातात दिली. त्यानं पूर्ण वाचली.

"मास्तर, हे तर तुम्ही पाहिले. तुमच्या मायचं नाव कुठं हाये? लेकानं मायसाठी कागद आणला, असंच म्हणतीन ना लोक."

त्याचं बरोबर होतं, याचाच जास्त संताप आला. घरी येऊन मी मायला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"थंडीत बसली मी, अन् नाव तुह्यं?"

शाळा न शिकलेल्याचं नाव घेत नाहीत, असं मी म्हणालो.

"पाहाले बी शाळा लागते काय?"

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या अंगणात गेलो. यादीतलं माझं नाव खोटं आहे, पक्षी मी पाहिले नाहीत, मायनं पाहिले, असं सगळ्यांसमोर सांगितलं. मालक हसला, मग कागदच खोटा म्हणा, म्हणाला. मी म्हटलं, उद्या पहाटे पाळीवर या.

तो आला, मफलर गुंडाळून. माय आधीच बसलेली होती. तिनं त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. फटफटलं तसे ते पाण्यातून वर आले, शांतपणे ओळीत शिरले आणि कराकरा खुडू लागले. एक मान उंच करून उभा राहिला. मालक बराच वेळ पाहत होता. मग उठून निघून गेला.

त्या दिवसापासून त्यानं शेतात सुतळी बॉम्ब फोडायला सुरुवात केली. पक्षी पलीकडच्या काठाला गेले. मायला त्यानं दुसऱ्या बाईच्या हाती निरोप पाठवला, कामावर ये म्हणून. आळ घेतला चारचौघांत, आणि चुकीची कबुली पोचवली निरोपानं, तीही अर्धी. झालं ते चुकलं, असा एक शब्द नाही. माय त्या शेतात परत गेली नाही.

यादी दुरुस्त करा म्हणून मी शहरातल्या गृहस्थांना फोन केला. ते हसून म्हणाले, आता छापून झाली, आणि नाव घरातच राहिलं ना? नाव घरात राहिलं नव्हतं. घरातल्या एका माणसाकडून काढून दुसऱ्याला दिलं होतं, आणि तसं करणारा हात माझा होता.

यंदा ते पक्षी पुन्हा आले. मायनं पाहिले, आणि तिच्या शेजारी बसून मीही पाहिले. फॉर्मवर पहिलं नाव तिचं लिहिलं, त्याखाली माझं. फॉर्म परत आला. पहिलं नाव काढा, म्हणजे लगेच पास होईल, असं सोबत लिहिलं होतं.

मी तोच फॉर्म, तसाच, पुन्हा पाठवला आहे.