फोन नंबर शेवटच्या अंकात

माझ्या बायकोच्या मामांना घाई करायला लावेल असा माणूस अख्ख्या झाडीपट्टीत अजून जन्माला आलेला नाही. वडशाला त्यांची नाटक कंपनी आहे. धान निघालं की गावोगावी मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, मंडई म्हटली की नाटक आलं, आणि नाटक मामांचं असलं की पहाटेपर्यंत कोणाची सुटका नाही. मी चंद्रपुरात लोकांच्या वेबसाइट बनवतो. धंदा तसा बरा आहे. त्यात नातेवाईक शिरले की डोकं धरायची वेळ येते.

हल्ली गावची मंडळं मोबाईलवर बघूनच नाटक ठरवतात. गेला हंगाम मामांचा निम्मा रिकामा गेला होता. यंदाही तेच झालं तर कंपनी बंद करावी लागणार होती. म्हणून मी त्यांना वेबसाइटचे नमुने दाखवले. एकात जावास्क्रिप्टचं तयार प्लगइन होतं: बोट जरा सरकवलं की अख्खं पान निघून जातं आणि पुढचं अख्खं पान जागेवर येऊन थांबतं. मामा खुर्चीतून उठलेच. "जवाईबापू, हा तर पडदा होय. मले हेच पाह्यजे."

झालं, माझं सुख संपलं. नांदीला एक पान, नायकाला एक, खलनायकाला दोन. पान सावकाश सरकायला हवं, कारण "पडदा दोरीनं ओढा लागते, इतक्या लवकर कसा जाईन?" एका पानात मावेल तेवढंच द्या म्हटलं, तर त्यांनी सगळ्या कलावंतांचा एकत्र फोटो पाठवला. मोबाईलवर दोन्ही टोकांची माणसं कापली गेली आणि त्या सगळ्यांचे फोन मला आले. मधोमध त्यांनी चहाच्या किटलीचं एक पान घालायला लावलं. हे कशाला, असं विचारलं तर म्हणतात, "मध्यंतर नसन तर लोकं चहा कवा पेतीन?"

आणि बुकिंगचा फोन नंबर? तो सगळ्यात शेवटच्या पानावर, मामींच्या फोटोखाली. मी हात जोडले. थेट नंबरावर नेणारं एक बटण वर देतो म्हटलं. "नाटक सोडून जानाऱ्याले मीच वाट दाखवू काय?" मी कपाळावर हात मारला आणि साइट तशीच चालू केली. आठ दिवसांत एका मंडळाच्या अध्यक्षांनी त्यांना बाजारात गाठून सांगितलं, "भाऊ, तुमचा नंबर शोधता शोधता अंगठा दुखला. आमी दुसऱ्या कंपनीले सांगून टाकलं."

मी तडक वडशाला गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमची मामी जनमभर आईचं काम करे. एन्ट्री शेवटच्या अंकात. तवापर्यंत अर्धे लोकं उठून गेले राहे. थे कधी बोलली नाई. मांगच्या साली गेली, तवा मले वाटलं, एकदा तरी सगळ्याइनं तिले पाहावं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मामींना पहिल्या पानावर आणू, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. "पयल्या अंकात तिले काम नोतं."

शेवटी नंबर मी प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात बसवला आणि मामींचं पान होतं तिथेच राहू दिलं. आता फोन येतात, तारखा भरतायत, कंपनी यंदा तरली. पण लोक पहिल्याच पानावरून नंबर लावतात, खाली कोणीच जात नाही; ते मला इथे साइटच्या आकडेवारीत दिसतं. मामांना मी हे सांगितलेलं नाही. मधूनमधून मीच एकेक पान सरकवत, किटलीसकट, शेवटपर्यंत जातो आणि मामींसमोर थोडा वेळ बसतो.