पंख्यात घातलेलं खोबरेल

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखनही नीट येत नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. कोणाची मागते ते मलाही सांगता येणार नाही, कारण ही वही कोणी वाचावी म्हणून मी लिहीत नाही. वही मुलीच्या कॉलेजची आहे. पुढच्या पानांवर तिचा कॉम्प्युटरचा अभ्यास आहे, मागची पानं कोरी राहिली होती. चौथीनंतर किराण्याची यादी आणि कारखान्याच्या रजिस्टरमधली सही सोडली तर मी फार काही लिहिलेलं नाही. पण जे तोंडाने बोलायला जमलं नाही, ते कुठेतरी ठेवायला हवं.

मी मिरजोळ्याच्या कारखान्यात कोळंबी सोलते. अठरा वर्षं झाली. हे, म्हणजे माझे यजमान, मासेमारीच्या लाँचवर इंजिन सांभाळतात. आम्हाला एकच मुलगी. ती बारावी होऊन कॉम्प्युटर शिकली, तेव्हा लॅपटॉप घ्यायला वन्संनी बेचाळीस हजार दिले. वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण. सावर्ड्याच्या बाजारात तिचं भांड्यांचं दुकान आहे. पैसे देताना ती मला म्हणाली होती, "व्याज नको मला. पोरगी तुझ्या त्या कोळंबीच्या टेबलाला लागू नये, तेवढं बघ." मलाही तेवढंच हवं होतं. दुसरं काही मी कधी मागितलेलं नाही.

आणि झालंही तसंच. परीक्षा संपल्याबरोबर पुण्याच्या एका कंपनीने तिला घेतलं. पहिले सहा महिने घरूनच काम, जूनच्या मध्यापासून. फक्त त्यांनी कळवलं, तुमच्या लॅपटॉपची मेमरी कमी आहे, वाढवून घ्या. मेमरी म्हणजे हिरवी पट्टी असते, बोटाएवढी लांब. ती आत बसवायची. दुकानात बसवून घेतली तर जास्त पैसे जात होते, म्हणून मुलीने पट्ट्या मागवल्या आणि म्हणाली, मीच बसवते.

ती घाई करणारी नव्हे. लॅपटॉपबरोबर आलेला वॉरंटीचा कागद तिने काढला, इंग्रजी होता, वाचून मला मराठीत सांगितला. "आये, यात लिहिलंय, मेमरी आपली आपण बदलली तरी वॉरंटी जात नाही. पण बदलताना काही बिघडवलं तर ते आपल्या अंगावर." तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. कंपनीला फोन लावून परत विचारलं. त्यांनीही तेच सांगितलं.

रविवारी सकाळी ओटीवर धुतलेली चादर अंथरून ती बसली. हे शेजारी येऊन बसले. बोटीचं इंजिन उघडतात तेव्हा हे प्रत्येक नट ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने गोणपाटावर मांडतात, म्हणजे भर समुद्रात परत लावताना चूक होत नाही. मुलीनेही तसंच केलं. माझा जुना मसाल्याचा डबा घेतला आणि एकेका वाटीत एकेक जागेचे स्क्रू ठेवले.

"पप्पा, हात साबणाने धुऊन या. दोनदा."

"लग्नात पण एवढे धुतले नव्हते गो," हे म्हणाले. पण गेले आणि दोनदा धुऊन आले.

ह्यांनी फक्त उजेडाला हातातली बॅटरी धरली आणि एक घट्ट बसलेला स्क्रू सैल करून दिला. त्या स्क्रूचं डोकं जरा झिजलं होतं, तो परत नीट बसेना, तेव्हा मुलीने तो बाहेरच ठेवला. म्हणाली, एकाने काही होत नाही. जुनी पट्टी तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली, उद्या कोणी विचारलं तर दाखवायला. लॅपटॉप चालू झाला. "बघ, माझ्या हाताखाली शिकली," असं हे आळीत सांगत फिरले.

त्यानंतर दहाएक दिवसांनी मासेमारी बंद झाली आणि बोटी वर ओढल्या. आमच्याकडे बोट वर आली की दुसऱ्या दिवशी घरातलं सगळं लोखंड बाहेर काढायचं आणि त्याला तेल लावायचं. पावसाळ्यात खारा वारा लोखंड खाऊन टाकतो. माझी आई करायची, सासू करायची, मी करते. विळी, कोयती, अडकित्ता, कड्या, कुलपं. शिलाई मशीनच्या प्रत्येक भोकात दोन दोन थेंब. घरातल्या वस्तूंना मी खोबरेलच वापरते. ह्यांचं इंजिनाचं काळं तेल मला घरात नको असतं.

मुलगी शहरात कागदांच्या झेरॉक्स काढायला गेली होती. लॅपटॉप टेबलावर होता. मी पुसायला म्हणून उलटा केला, तर खालच्या स्क्रूंवर तांबूस रंग चढायला लागला होता. आतला पंखाही बरेच दिवस कुरकुरत होता, जशी कोरडी पडलेली मशीन कुरकुरते. मी कापूस बुडवून एकेक स्क्रू पुसला. स्क्रू नव्हता त्या भोकात दोन थेंब सोडले. मग पंख्याची जाळी होती तिथे मशीनची तेलाची नळी लावली आणि थोडं जास्तच घातलं, आतपर्यंत पोचावं म्हणून. वरून पुसून लॅपटॉप होता तसा ठेवला. कोणाला सांगितलं नाही. कुलपाला तेल घातलं हे कोण कोणाला सांगतं?

दोन दिवसांनी मुलगी म्हणाली, "आये, पंख्याचा आवाज गेला बघ. आपोआप."

मी हसले. किती बरं वाटलं होतं मला. इतकी शिकलेली मुलगी आणि माझा हात लागून तिचं काम सोपं झालं, असं वाटलं होतं.

कामाला लागायच्या आठ दिवस आधी लॅपटॉप खालून भाजल्यासारखा तापायला लागला. एके दुपारी ती त्यावर काही शिकत बसली होती आणि मी आत भाकऱ्या करत होते. मला वास आला. फोडणीचं तेल तापतं तसा. माझ्या चुलीवर तेव्हा तेल नव्हतं. बाहेर आले तर पडदा काळा झाला होता आणि मुलगी बटण दाबत होती, परत परत.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवर चष्मा लावलेल्या एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या. बोलायला चांगल्या होत्या. मुलीने बिल, वॉरंटीचा कागद, जुनी पट्टी, सगळं त्यांच्यापुढे मांडलं. मी दाराजवळ उभी राहिले. अशा ठिकाणी मला नेहमी दाराजवळच बरं वाटतं.

बाईंनी काचेच्या मागे लॅपटॉप उघडला. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "मेमरी तू बदललीस, त्याला आमची काही हरकत नाही. व्यवस्थित बसवली आहेस. एक स्क्रू नाही, तेही मी चालवून घेतलं असतं. पण आत तेल कोणी घातलं?"

"तेल?" मुलगी म्हणाली.

त्यांनी चिमट्याने पंखा बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवला. पाती दिसत नव्हती. तेल आणि धूळ मिळून राखेसारखा करडा लगदा झाला होता. "पंखा फिरलाच नाही, म्हणून गरम होऊन बोर्ड जळला. आणि हे वॉरंटीत बसत नाही. मी फोटो पाठवले तरी कंपनी नाहीच म्हणेल." नवीन बोर्डाचे त्यांनी एकतीस हजार सांगितले.

हे पुढे झाले. त्यांनी एका बोटाने तो लगदा उचलला आणि बोट नाकाशी नेलं. मी बघत होते. मग त्यांनी बोट पॅन्टला पुसलं.

"माझ्या हाताचं असेल," हे म्हणाले. "आमचं कामच तेलातलं."

"हाताचं एवढं नसतं हो."

"मग घातलं असेन. कुरकुरत होता तो."

मुलगी ह्यांच्याकडे वळली. "पप्पा, तुम्ही मला विचारलं पण नाय?"

मी दाराशी होते. हातात छत्री होती आणि बिलाची प्लॅस्टिकची पिशवी. "मी घातलं" एवढंच बोलायचं होतं. बाई, त्यांच्या मागे बसलेली दोन माणसं, रांगेतली माणसं, सगळी आमच्याकडे बघत होती. मनात म्हटलं, घरी गेल्यावर सांगू. घरी गेल्यावर मुलगी इतकी रडत होती की म्हटलं, उद्या सांगू. ह्यांनी वास घेतला होता हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी त्यांना काही कळलं नसेल असं मी स्वतःला सांगत राहिले. असं करत पंधरा दिवस गेले, मग महिना. मग सांगण्यासारखी जागाच उरली नाही.

पुण्याच्या कंपनीला तिने फोन केला. "मॅडम, पंधरा दिवस द्या, मी काहीतरी करते." तिकडून काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून ती पाणी प्यायली. नोकरी गेली होती.

एकतीस हजार आमच्याकडे नव्हते. वन्संचे बेचाळीस अजून जसेच्या तसे होते, परत कोणत्या तोंडाने मागणार? ऑगस्टमध्ये बोटी सुरू झाल्या, कारखान्यात माल यायला लागला आणि मुलगी माझ्याबरोबर मिरजोळ्याला आली. मी नको म्हटलं नाही. कुठल्या हक्काने म्हणणार होते? पहिल्या आठवड्यात बर्फाने तिची बोटं फुगली आणि कोळंबीचे काटे नखांत गेले. मी हळद-खोबरेल गरम करून लावायला गेले, तर वाटी हातात घेतल्यावर माझाच हात थांबला. मग नुसती हळद पाण्यात कालवून लावली.

टेबलावरच्या बायका पहिल्या दिवशी चेष्टा करत होत्या. "काय गो, कॉम्प्युटर शिकून कोळंबी मोजायला आलीस?" ती हसली. "मोजायला नाय, मावशी. सोलायलाच." त्यानंतर कोणी चेष्टा केली नाही. त्या चांगल्या बायका आहेत.

ह्यांच्याशी मात्र ती बोलेनाशी झाली. भांडण नाही, आवाज नाही. "आये, त्यांना सांग चहा झालाय." हे दोन हात अंतरावर बसलेले असायचे. एकदा हे फेरीवरून आले आणि मोबाईल पुढे करून म्हणाले, "बाय, ह्याचा आवाज येत नाय, बघ जरा."

"ठेवा तिथे," ती म्हणाली. "उघडू नका फक्त. तुमचे हात स्वच्छ नसतात."

ह्यांनी मोबाईल ठेवला आणि बाहेर जाऊन जाळं विणत बसले. मी तेव्हाही बोलले नाही. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त लाज या गोष्टीची वाटते, सर्व्हिस सेंटरच्या गोष्टीपेक्षाही.

दिवाळीच्या सुमारास तिने लॅपटॉप पुन्हा उघडला, एकटीने. तिने बसवलेल्या पट्ट्या चांगल्या होत्या. त्या काढून तिने वर्गातल्या एका मुलीला बावीसशेला विकल्या आणि पैसे माझ्या हातात दिले. "आतेला दे," म्हणाली. आमच्या कर्जातला पहिला हप्ता तो. आम्ही सगळ्यांनी मिळून त्या लॅपटॉपला जे जे केलं, त्यातलं तिनेच केलेलं तेवढं टिकलं. बाकीचा लॅपटॉप पत्र्याच्या ट्रंकेत आहे. मसाल्याच्या डब्यात स्क्रू अजून ज्या त्या वाटीत आहेत.

त्यानंतर दर महिन्याला मी सावर्ड्याला पैसे पोचवत गेले. तिच्या पगारातले, माझ्या पगारातले, कधी ह्यांना बोटीवर मिळालेल्या वाट्यातले. पावसाळ्यात माल नसला की महिने रिकामे जायचे. पावणेदोन वर्षं लागली. मुलीला आता वजनाच्या काट्यावर घेतलंय, आकडे भराभर करते म्हणून. हात बर्फात घालावे लागत नाहीत. पुण्याचं नाव ती काढत नाही. मीही काढत नाही.

शेवटचे दोन हजार द्यायला गेल्या आठवड्यात हे माझ्याबरोबर आले. वन्सं दुकानात कढया लावत होती. भावाला बघून म्हणाली, "ये रे मेल्या. जन्मभर इंजिनात तेल ओतलंस, पोरीच्या लॅपटॉपला पण सोडलं नाहीस. बायकोला आणि पोरीला फेडायला लावलंस."

हे हसले.

मला काय झालं कोण जाणे. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं म्हणून असेल. "वन्सं," मी म्हटलं, "ते तेल..."

"आक्का, तुझी वही आण आधी," हे मध्येच म्हणाले. "हिशोब पुरा करून टाक."

वन्सं वही आणायला आत गेली. मी ह्यांच्याकडे बघितलं. ते एक पातेलं उलटंसुलटं करून बघत होते.

"खोबरेलाचा वास मला कळत नाय होय?" ते हळू म्हणाले.

"मग बोलला का नाय?"

"तू तिच्या शेजारी रोज आठ तास बसायचीस. मी आठ आठ दिवस पाण्यावर. तिला कोणीतरी बोलायला हवं ना."

"आता सांगते तिला. आजच."

ह्यांनी पातेलं जाग्यावर ठेवलं. माझं ते 'आजच' अजून उजाडलेलं नाही. मला तेव्हा दिसलं, दोन वर्षांत हे किती वाकलेत.

वन्सं बाहेर आली. मी कमरेच्या पिशवीतून नोटा काढून तिच्या हातावर ठेवल्या. तिने दोनदा मोजल्या, गल्ल्यात टाकल्या आणि आमच्या नावाच्या पानावर खालपासून वरपर्यंत रेघ मारली. बेचाळीस हजार पुरे फिटले.