भारताची पाटी

आमच्या शाळेतल्या मुलांना एमयूएनला नेण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी नागरिकशास्त्र शिकवते आणि हेडमास्तरांना तोंडावर नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. एमयूएन म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सभेची रंगीत तालीम. प्रत्येक मुलाला एक देश मिळतो, समोर त्या देशाच्या नावाची पाटी ठेवतात आणि सभा संपेपर्यंत त्यानं त्या देशाच्या वतीनं बोलायचं. ‘मला वाटतं’ म्हणायचं नाही, ‘आमच्या देशाला वाटतं’ म्हणायचं. संभाजीनगरातली एक मोठी शाळा दरवर्षी हे भरवायची. आम्ही सिल्लोडहून सकाळच्या एसटीनं निघायचो. फुलंब्री येईपर्यंत पोरांचं पाठांतर चालायचं, पुढे नुसती धाकधूक.

त्या शाळेतली मुलं वागायला फार चांगली होती. सभा सुरू होताना नियम वाचून दाखवायची: कुणाच्या धर्मावरून, बोलण्यावरून, कपड्यांवरून काही बोलायचं नाही, कुणाला मध्येच तोडायचं नाही. आणि ते सगळं पाळायचीसुद्धा. आमच्या पोरांच्या ‘लई’ला आणि ‘व्हय’ला तिथं कुणी हसलं नाही. हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की तिथं दुष्ट माणसं होती. दुष्ट असती तर बरं झालं असतं. दुष्टांना सरळ करायला मला वेळ लागत नाही.

माझ्या वर्गात एका कापूस व्यापाऱ्याची मुलगी होती. घरी उर्दू, शाळेत मराठी, आणि भांडण दोन्हींत. आठवीत पहिल्यांदा आली तेव्हा तिला पाकिस्तान मिळाला. विषय नद्यांच्या पाण्याचा होता. पोरगी काय बोलली! उत्कृष्ट वक्त्याचं बक्षीस तिलाच मिळालं. परीक्षकांमध्ये एक वयस्कर, मायाळू गृहस्थ होते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “शाब्बास, बेटा. किती सहज बोललीस! अगदी तिथलीच वाटलीस.”

ती हसली, थँक्यू सर म्हणाली. त्यांना तिच्या तयारीचं कौतुक करायचं होतं, हे मला माहीत आहे. तरी ‘तिथलीच’ हा शब्द मी बसमध्ये बसेपर्यंत घोकत राहिले.

मानचिन्हावर ठळक अक्षरांत ‘पाकिस्तान’ छापून चिकटवलं होतं, खाली बारीक अक्षरांत तिचं नाव. परतीच्या बसमध्ये तिनं ते माझ्या मांडीवर ठेवलं.

“मॅडम, हे तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. अब्बा लई खूश व्हतील, पण स्टँडपासून घरापर्यंत हातात कसं न्यायचं?”

मानचिन्ह शाळेच्या कपाटात गेलं. नववीत तिला अफगाणिस्तान मिळाला. तेव्हाही ती चांगलीच बोलली.

दहावीत मात्र तिनं मला आधीच गाठलं. “मॅडम, औंदा मला भारत पाहिजे. विषय कापसाच्या व्यापाराचा हाय. मला येतंय ते.” येतच होतं. अब्बांच्या गादीवर बसून ती लहानपणापासून भाव ऐकत आलेली. कापूस हातात घेऊन ओला आहे की सुका, हे कसं ओळखायचं, ते ती मला शिकवायची. मी त्या शाळेला कळवलं. “नक्की विचार करू,” असं उत्तर आलं. पोरगी रात्रंदिवस भारत भारत करत राहिली.

गेल्यावर तिच्या हातात पाटी पडली ती सौदी अरेबियाची.

कापसावर सौदीनं काय बोलायचं, वाळवंटाला विचारायचं का? मी तरातरा महासचिवाकडे गेले. महासचिव म्हणजे त्याच शाळेतला बारावीचा मुलगा, अंगात कोट, मला पाहून उठून उभा राहिला.

“मॅडम, मागच्या दोन्ही वर्षी त्या इतक्या छान बोलल्या,” तो म्हणाला, “म्हणून म्हटलं, त्यांना जवळचा वाटेल असाच देश द्यावा.”

“जवळचा? सिल्लोडपासून सौदी जवळ?”

त्याला आधी कळेना. मग कळलं, आणि त्याचे कान लाल झाले. इतका मनापासून चुकलेला मुलगा मी पाहिला नव्हता, त्यामुळे माझ्या रागाची पंचाईत झाली. तेवढ्यात माझ्या मागून ती आली.

“मॅडम, तुम्ही नका बोलू. मी इचारते. भारत कुणाकडं हाय?”

भारत तिथं कायम यजमान शाळेकडेच राहायचा, तसा रिवाजच होता. महासचिवानं आम्हाला त्याच्या शाळेतल्या एका मुलीकडे नेलं आणि अडखळत सगळं सांगितलं. त्या मुलीचा चेहरा पडला. का पडू नये? तिनंही तयारी केली होती. कागदांची चळत समोर होती. तिनं आमच्या पोरीला अगदी सभ्यपणे विचारलं, “पण तुला भारतच का हवाय?”

“तुला कुणी कधी इचारलं का, भारतच का म्हणून?”

आमची पोरगी थांबली नाही. “मला हितं कुणी वाईट बोललं नाय. एकबी माणूस नाय. पण दर साली मला देशाबाहेर धाडतात, तेबी आदरानं.”

मला रडू कोसळलं आणि मी ते लपवलंही नाही.

यजमान शाळेची मुलगी बराच वेळ आपल्या पाटीवरून बोट फिरवत बसली. मग तिनं ती पाटी पुढे सरकवली, सौदीची स्वतःकडे ओढली आणि नाक ओढत म्हणाली, “आता मी कापसावर काय बोलू, ते तूच सांग.”

“तुम्ही गिऱ्हाईक,” आमची पोरगी तिच्या शेजारी बसत म्हणाली. “कापड तुम्हाला लागतंच. माल बघायचा, नाक मुरडायचं अन् भाव पाडून मागायचा.”

घंटा होईपर्यंत दोघींची डोकी एकाच कागदावर वाकलेली होती.

मग हजेरी सुरू झाली. अध्यक्ष झालेला मुलगा देशाचं नाव घेतो आणि प्रतिनिधीनं उत्तर द्यायचं. नुसतं उपस्थित म्हटलं तर मतदानाच्या वेळी तटस्थ राहता येतं. ‘मत देणार’ असंही म्हटलं तर मग तटस्थ राहता येत नाही, कुठली तरी बाजू घ्यावीच लागते. बहुतेक मुलं सावधपणे नुसतं उपस्थित म्हणत होती.

“भारत,” अध्यक्ष म्हणाला आणि सवयीनं यजमान शाळेच्या बाकाकडे पाहू लागला. तिथं सौदी अरेबियाची पाटी होती. तो गोंधळला. “भारत?”

“हजर,” मागच्या ओळीत आमची पोरगी उभी राहिली. “आणि मत देणार.”