एकाच सामन्याचा खेळाडू

निवृत्त झालेले मास्तर परतुरात प्लॉटचे व्यवहार करतात. धम्मपाल सरांनी मात्र बेसबॉल धरला, तोही अमेरिकेतला, एकोणिसाव्या शतकातला. शाळेत पोरांना सॉफ्टबॉल शिकवण्यात जन्म गेला, त्याची ही खोड. लॅपटॉपवरच्या एका खेळात तेव्हाचा एक अख्खा हंगाम पुन्हा खेळता येतो: खेळाडू तेच, निकाल मात्र नवे. सर एक नंबरचे हट्टी. जो तेव्हा जितके सामने खेळला तितकेच इथे खेळणार, एकही जास्त नाही.

त्या हंगामात एक जण एकच सामना खेळला आणि पुढे कुठे गेला कुणालाच ठाऊक नाही. नोंदीत नुसतं आडनाव. सरांनी त्याला आपल्या थोरल्या भावाचं नाव दिलं, संघपाल, आणि तिथेच फसले.

खरा संघपालही जालन्यात शाळेकडून एकच सामना खेळला होता. येताना रेल्वे परतूरला थांबली, सगळी पोरं उतरली, तो उतरला नाही. पंचेचाळीसेक वर्षं झाली. भिंतीवर त्याचा फोटो आहे, पण त्याला हार नाही. आई, कौसल्याबाई, घालूच देत नाही.

तो सामना आला आणि सरांचं बोट चालेना. खेळला नाही तोवर तो गेलेला नाही, असं मनाने घेतलं. स्क्रीनवर संघपाल नुसता बसून. घरात मात्र सरांना पाठीमागे बूट वाजल्यासारखे वाटत. वळून बघायची भीती वाटे. खेळात नाव कुणाचं दिलंय हे कळल्यापासून आई सरांच्या पाठीमागच्या रिकाम्या खुर्चीजवळ पाण्याचा तांब्या भरून ठेवू लागली.

एका दुपारी तीच म्हणाली, "खेळू दे रे त्याला. किती दिवस बसून राह्यलाय."

सरांनी बटण दाबलं. संघपालने चेंडू लांब टोलवला, तिसऱ्या बेसपर्यंत, म्हणजे होमच्या एक टप्पा अलीकडे, पळाला, आणि सामना संपला तेव्हा तिथेच उभा होता.

"पुढच्या मॅचमदी हाय का?"

"न्हाई, आई. पण त्याला घेता येतं. तू म्हण, घेतो."

कौसल्याबाई फोटोकडे बघत राहिल्या. "नको. परत वाट बघायचं बळ न्हाई राह्यलं माझ्यात." मग हळूच म्हणाल्या, "उद्या बाजारातून हार आण."

सरांना रडू आवरेना. आईपासून तोंड लपवायला ते तांब्या उचलायला वळले, तर तो रिकामा होता. पाणी कोण प्यायलं, हे दोघांनीही विचारलं नाही.